दाराची अट

६ ऑक्टोबर, रविवार

आले एकदाची. टेम्पोवाल्याने सामान दुसऱ्या मजल्यावर चढवून दिलं आणि वर ऐकवलं की मावशी, माणूस एक आणि पुस्तकं दहा जणांची. मी म्हटलं, पुस्तकं जेवत नाहीत, म्हणून परवडतात. तो खोखो हसला. नव्या गावात पहिल्याच दिवशी आपल्या बोलण्यावर कोणी हसलं की बरं वाटतं.

घर लहान पण नीटनेटकं आहे. रस्त्याकडे खिडकी असलेली बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणीघर. स्वयंपाकघराची उजवी भिंत ही इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे काही नाही, खाली रस्ता वळतो. खिडकीतून वाकून बघितलं तर नुसता सपाट गिलावा, एक पाइपसुद्धा नाही. प्लंबरशी संसार केला की भिंत दिसताच नळ कुठून गेलाय ते शोधायची खोड लागते. ही भिंत अगदी कोरडी आहे. ओल येणार नाही.

ह्यांची हत्यारांची पिशवी त्याच भिंतीवरच्या खुंटीला लावली. लेक फोनवर रागावली. म्हणाली, आई, ते लोखंड कशाला वागवतेस, देऊन टाक कोणाला तरी. मी म्हटलं, बघू. देणार नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी मी बाहेर जाताना पिशवीला सांगते की दूध आणायला चाललेय, लक्ष ठेवा. लेकीला हे बोललेले नाही. तिला वाटेल आईचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. सवय आहे.

उद्यापासून काम. इथल्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधायची. माझी शाळा चौथीत सुटली. खरं वाचायला मी छापखान्यात शिकले, फर्मे दुमडताना. मोठ्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं पान छापलेलं असतं, त्यामुळे कितीतरी प्रकरणांचा शेवट मला सुरुवातीबरोबरच कळायचा. अजूनही शेवट आधी बघून घेते. शेवट माहीत असला की माणूस निवांत वाचतो.

समोर बेकरी आहे. खिडकीत उभी राहून त्या वासावर चहा प्यायले. इथे आपलं जमेल असं वाटतंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

ग्रंथालयाच्या ताई माझ्याहून वयाने लहान, पण सगळं गाव त्यांना ताई म्हणतं, म्हणून मीही. आज त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी दोरा ओवून हातात धरला होता आणि डोळे पुस्तकात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर त्या म्हणाल्या की तुम्ही बांधण्याआधी वाचता, हे मी तीन दिवस बघतेय, रविवारी दुपारी माझ्याकडे या, आम्ही चौघं मिळून गोष्टीचा खेळ खेळतो.

मी विचारलं, पत्ते वगैरे का? त्या म्हणाल्या, नाही, नुसती गोष्ट. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो की तुम्ही कुठे आहात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि सांगतात की आम्ही काय करतो. अवघड काही करायचं असेल तर फासा टाकायचा. जिंकणं-हरणं नाही.

मला काही नीट कळलं नाही, पण हो म्हटलं. दोन वर्षांत मला कोणी कशाला बोलावलेलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

हसून हसून पोट दुखतंय. ही वही आधी उघडली, चहा नंतर.

ताईंच्या टेबलाभोवती बसलो होतो. एक गणिताचे मास्तर, निवृत्त, नियमाबाहेर पाऊल टाकू न देणारे. एक नर्स, ड्युटी संपवून थेट आलेली, डोळ्यांत झोप. ती मला लगेच मावशी म्हणायला लागली. आणि समोरचा बेकरीवाला. दारात मावत नाही एवढा माणूस, पण खेळात त्याचं पात्र असतं टेबलाखाली लपणारा चिमुकला चोर. म्हणाला, वहिनी, मला जन्मात एकदा तरी कुठेतरी लपायला मिळालं पाहिजे की नाही! मला एका म्हाताऱ्या सुईणीचं पात्र दिलं. मी वीस बाजूंचा फासा टाकला तो थेट मास्तरांच्या चहात. मास्तर म्हणाले, बाई, नियमाप्रमाणे कपातला आकडा धरत नाहीत.

निघताना ठरलं की पुढची सूत्रधार मी. नव्या माणसाला लवकर पाळी देतात म्हणे, म्हणजे तो पळून जात नाही. खेळ सूत्रधाराच्याच घरी असतो. सत्तावीस तारखेच्या रविवारी सगळे माझ्याकडे.

मास्तरांनी मला जिन्यात थांबवून यांच्या रीती नीट समजावल्या. गोष्टीत बंद दार असलं तर त्याला अट हवी, म्हणजे ते उघडल्याची काहीतरी किंमत पडली पाहिजे. दार फक्त खेळाडू उघडतात, सूत्रधाराने स्वतः उघडायचं नाही. आणि ऐन खेळात कोणाची दया येऊन सूत्रधार अट बदलतो, म्हणून ती आधीच घरातल्या एखाद्या न खेळणाऱ्या माणसाला मोठ्याने सांगून ठेवायची. तो साक्षीदार. एकदा त्याला सांगितली की साक्षीदार हो म्हणेपर्यंत बदल नाही. मास्तर त्यांच्या सुनेला सांगतात. ताई आईला सांगतात. नर्सने एकदा वॉर्डातल्या आजोबांना सांगितली होती, तर त्यांनी ती सगळ्या मजल्याला सांगितली.

मी मान डोलावली. माझ्या घरात कोण आहे, ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस संध्याकाळी चौकटींच्या कागदावर नकाशा काढतेय. ताईंचे नकाशे म्हणजे किल्ले, भुयारं, बुरूज. मी कधी किल्ल्यात राहिलेय? मला जे माहीत आहे तेच काढलं. हे घर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पिशवीची खुंटीसुद्धा. गोष्ट अशी की चार प्रवासी एका रिकाम्या घरात मुक्काम करतात.

पण तीन खोल्यांत चार माणसं काय शोधणार? म्हणून एक खोली वाढवली, स्वयंपाकघराच्या उजव्या भिंतीमागे. खऱ्या घरात तिथे हवा आहे, पण कागदाला काय त्याचं. पेन्सिलीने चौकोन काढला, भिंतीत दार दाखवलं. हात इतका सहज फिरला की मलाच कौतुक वाटलं.

आता त्या खोलीत काय? बेकरीवाल्याकडे पाव आणायला गेले तेव्हा सहज विचारलं. तो म्हणाला, वहिनी, रिकामी खोली ठेवलीत तर आम्ही मारामारी करू, आत काहीतरी असलंच पाहिजे.

रात्रीची भांडी घासताना सुचलं. आत कोणीतरी अडकलेलं आहे आणि ते ठोके देतं.

कुठून सुचलं ते मला माहीत आहे. हे पाण्याच्या टाकीत उतरले होते, आतला पाइप बदलायला. आत हवा खराब होती. झाकणाचं तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच माणूस जाणार. हे आतून पाइपवर ठोकत राहिले. वर उभ्या असलेल्यांना वाटलं, काम चाललंय.

हे मी गोष्टीत घालणार नाही. खेळ आहे, सगळ्यांनी हसायला यायचंय. ह्यांची ठोक्यांची एक खूण होती, ती फक्त आमच्या दोघांची. ती मी कोणाला देणार नाही. गोष्टीतले ठोके वेगळे ठेवलेत. तीन, सारख्या अंतराने. टक, टक, टक. कोणीही देईल असे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

अट ठरली. एक आत गेल्याशिवाय एक बाहेर येत नाही.

मस्त आहे. चौघं भांडतील की आत कोण जाणार. मास्तर फाटे फोडतील. बेकरीवाला म्हणेल, मी दारातच अडकेन, म्हणजे आतलाही बाहेर नाही आणि बाहेरचाही आत नाही.

आता साक्षीदार. लेकीला फोन करून सांगणार होते, पण मास्तर म्हणाले होते घरातलं माणूस. मग स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभी राहिले आणि पिशवीला सांगितलं. मोठ्याने, रीतीप्रमाणे. अहो, ऐका, त्या खोलीच्या दाराची अट अशी अशी आहे, आता तुम्ही साक्षीदार, ऐन वेळी मला बदलू देऊ नका.

सांगून झाल्यावर स्वतःशीच हसले. घर एकदम शांत झालं होतं. कोणी कान देऊन ऐकतं तेव्हा होतं तसं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी पाव कापत असताना भिंतीतून ठोके आले. मी सुरी थांबवली नाही, कारण आजवर ज्या ज्या घरात राहिले तिथे भिंती कायम वाजायच्या. नळ उघडला की वाजतात, बंद केला की वाजतात. मग आठवलं की या भिंतीत पाइप नाही.

खिडकीतून वाकून बघितलं. सपाट गिलावा. खाली रस्त्यावर एक बाई छत्री झटकत होती.

खालच्या मजल्यावर विचारून आले. तिथल्या सूनबाई म्हणाल्या की काही दुरुस्ती नाही, उलट आम्हीच विचारणार होतो, तुमच्याकडे काही ठोकताय का.

म्हणजे त्यांनाही ऐकू येतं. आधी जीव भांड्यात पडला, की मला भास होत नाहीत. मग जिना चढताना लक्षात आलं की त्यात आनंदाचं काही नाही.

टक, टक, टक. सारख्या अंतराने. माझे आहेत. मी लिहिलेले.

२० ऑक्टोबर, रविवार

गिलाव्याला चीर गेली आहे. सरळ वर, मग आडवी, मग सरळ खाली. पट्टी लावून काढल्यासारखी. नकाशात दार जिथे दाखवलं तिथेच. आडवी चीर पिशवीच्या खुंटीच्या वरून गेली आहे, म्हणजे खुंटी आता दारात आली.

पिशवी काढून बाहेरच्या खोलीत आणली. खाली उतरून रस्त्यावरून बघितलं. बाहेरून भिंत अखंड आहे. माथ्यावर चिमण्यासुद्धा बसल्या होत्या.

घाबरले नाही असं लिहिणार नाही. पण एका गोष्टीचा आधार आहे, ती लिहून ठेवते म्हणजे रात्री वाचता येईल. ते जे कोणी आहे, ते हे नाहीत. ह्यांची खूण वेगळी होती. दोन ठोके, मग श्वास घेण्याएवढं थांबणं, मग एक. त्याचा अर्थ, अगं, नळ सोड. मी खाली मोरीत बसून वाट बघायची आणि नळ सोडायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी बसवली होती ती खूण. कोणालाच ठाऊक नाही.

आतले ठोके तीन आणि सारखे आहेत. म्हणजे ते गोष्टीतलं आहे. ह्यांच्याशी त्याचा संबंध नाही. मला त्याचं काही देणं नाही.

आता झोप येईल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी चहा टाकला आणि भिंतीतून ठोके आले.

दोन. मग थांबले. मग एक.

काल मी इथे लिहायला नको होतं.

की खरंच हेच — मी कामावर गेले नाही. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसले. माझा हात दोनदा नळाकडे गेला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नकाशा जाळला. राख मोरीत सोडली. चीर आहे तशीच.

मास्तरांच्या घरी गेले. त्यांना विचारलं की सूत्रधाराला अट मागे घ्यायची असली तर काय करायचं. ते खूश झाले, मी रीती मनावर घेतल्या म्हणून. म्हणाले, बाई, साक्षीदाराची संमती घ्या, तो हो म्हणाला की झालं, सोपं आहे.

घरी येऊन पिशवी मांडीवर घेतली आणि सांगितलं की अट रद्द करायची आहे. हो असेल तर एक ठोका द्या.

संध्याकाळपर्यंत वाट बघितली. इतके दिवस न थांबलेली भिंत आज गप्प आहे. खालच्या सूनबाई मुद्दाम वर येऊन म्हणाल्या की तुमचं काम आटोपलं वाटतं, बरं झालं.

गप्प राहणं म्हणजे नाही. हे तर मला कळतं. ह्यांना नाही म्हणायचं असलं की असेच गप्प राहायचे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आता ती चीर नाही. दार आहे. लाकडी, जुनं, कडी नसलेलं. नकाशात मी कडी काढायची विसरले होते.

लाकडाला ओल आहे. टाकीचा वास येतो. सिमेंट, शेवाळ, साचलेलं पाणी. दोन वर्षांपूर्वी ह्यांना घरी आणलं तेव्हा कपड्यांना होता तो.

ठोके पुन्हा सुरू. दोन, थांबून एक. आज दमल्यासारखे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

खेळ रद्द करायला निघाले होते. एकालाही पटवता आलं नाही.

ताईंना म्हटलं बरं नाही. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की पहिल्या वेळी सगळ्यांना असंच होतं, मी तर आदल्या दिवशी उलट्या केल्या होत्या. म्हटलं, निदान तुमच्याकडे खेळू. त्या म्हणाल्या, सूत्रधाराच्या घरची रीत आहे आणि आम्हाला तुमचं घर बघायचंय. नर्सने सुट्टी बदलून घेतली आहे, मावशीच्या खेळासाठी. मी घराला कुलूप लावून बाहेर बसून राहीन म्हटलं तर बेकरीवाला म्हणाला, वहिनी, मग मी पाव घेऊन जिन्यात बसेन, पळून पळून कुठे जाल.

शेवटी त्याला खरं सांगितलं. दुकान रिकामं होतं. भिंत, ठोके, दार, अट, सगळं. रडले त्याच्यासमोर. त्याने हातातला तवा खाली ठेवला आणि डोळे मोठे करून ऐकलं. मग म्हणाला, वहिनी, अंगावर काटा आला, सूत्रधार असावा तर असा, आता काही झालं तरी मी येणार.

मी काही जरी बोलले तरी ते खेळातलंच होणार.

लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, तुला माणसं मिळाली, मला आता तुझी काळजी नाही. मी हो म्हटलं.

घर सोडून जावं, हेही मनात आलं. पिशवी खांद्याला लावून जिन्यापर्यंत गेले. मागून ठोके आले. ठोके ऐकूनही वर उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. मला तसं होता येत नाही. आत हे नसले तरी. आणि असले तर?

२६ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं होतं. मीच आत जायचं. अट पुरी होईल, उद्या कोणाला धोका नाही. आणि बाहेर जर हेच आले तर चहाचं आधण ठेवलेलं सापडेल. लेकीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. साडी बदलली. इतकं शांत मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

दार ढकललं. हाताने, खांद्याने, ह्यांच्या मोठ्या पान्याने. हललं नाही. आतून ठोके चालूच होते, माझ्या तळहाताच्या बरोबर मागे. आत आणि बाहेर बोटभर लाकूड.

मग आठवलं. सूत्रधाराने उघडायचं नाही. दार खेळाडू उघडतात.

मी खेळाडू नाही.

ताटांचं कपाट ओढून दारासमोर लावलं. एकटीने कसं ओढलं कोण जाणे. कंबर गेली. उद्या त्यांना स्वयंपाकघरात जाऊच द्यायचं नाही. पाणी, चहा, सगळं आधीच बाहेर आणून ठेवीन. भलतीच गोष्ट सांगेन. रिकामं घर नाही, एखादं जहाज. दार नसलेलं काहीतरी.

२७ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

टेबल मांडलं. पाच खुर्च्या. फासे. नवा नकाशा केला, नुसता समुद्र. कागदभर निळी पेन्सिल फिरवली.

भिंत गप्प आहे.

२७ ऑक्टोबर. दुपार

लिहितेय कारण हात थांबले तर वर बघावं लागेल.

बेकरीवाला वेळेच्या आधीच आला, मला मदत म्हणून. गरम पाव, वर कापड. म्हणाला, वहिनी, हे ओट्यावर ठेवून येतो. मी म्हटलं, इथेच ठेवा. तोपर्यंत तो आत गेलाही होता. एवढा मोठा माणूस, इतका हलका चालतो —

आतून म्हणाला की कपाट असं आडवं का लावलंय, वहिनी, काय लपवताय?

तेव्हा ठोके आले. दोन. थांबून एक.

तो हसला. म्हणाला, वा, हे कसं केलंत?

त्याला हाक मारायला मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. आणि मी गप्प राहिले. ठोके ह्यांचे होते. ह्यांचे दमल्यावरचे. शेवटी शेवटी असेच आले असतील, आणि वर कोणीच — मी फक्त एक श्वास थांबले. एकच.

कपाट सरकलं. त्याला काय, त्याने एका हाताने सरकवलं असेल. दाराचा आवाज आला नाही. तो काहीतरी म्हणाला, चोराला लपायला जागा मिळाली असं काहीसं, आणि वाक्य संपलं नाही.

मी गेले. ओट्यावर पाव. कपाट बाजूला. दार बंद. त्याची एक चप्पल उंबऱ्याशी. उंबरा मी नकाशात काढलाच नव्हता.

ढकललं. हाका मारल्या. दार हललं नाही.

मग परत इथे येऊन बसले. काय करायचं ते कळेना म्हणून बसले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पावलं आली. ओली. समोरची खुर्ची मागे सरकली आणि कोणीतरी बसलं. सिमेंटचा वास. शेवाळाचा. टेबलावरून पाणी वहीपर्यंत आलंय, निळी पेन्सिल विरघळतेय.

मी वर बघितलेलं नाही.

विचारलं, अहो, तुम्हीच ना?

श्वास ऐकू येत नाही. बोटाने टेबलावर वाजवलं.

टक. टक. टक.

सारख्या अंतराने.

हे नाहीत. हे कधीच नव्हते. मी त्या भल्या माणसाला —

भिंतीतून आता दुसरे ठोके येतायत. घाईघाईचे, मोजता न येणारे, दोन्ही मुठींनी. त्याला कसली खूण माहीत नाही. त्याला कोणी शिकवली नाही.

बेल.

जिन्यात ताईंचा आवाज. मास्तर घड्याळाबद्दल काहीतरी बोलतायत. नर्स हसतेय. म्हणतेय, ऐका ऐका, आतून ठोकतायत, मावशीने आपल्याशिवायच सुरू केलं, मावशी, दार उघडा!

समोरची खुर्ची सरकली. ते उठलंय. पुढच्या दाराकडे चाललंय, दार उघडायला. ते उघडू शकतं. बेकरीवाल्याची जागा आता त्याची, म्हणजे ते खेळाडू —

ओरडायला हवं. आत येऊ नका म्हणून. ते माझं ओरडणंसुद्धा खेळातलं समजून

कडी काढली त्याने. ताई, मागे फिरा, ताई, दार उघडतोय तो मी लिहिलेला नाही, तो